एका यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र

घरात लॅपटॉप एकच आहे. घर तारकर्लीत, समुद्रापासून चार पावलांवर. माडांच्या सावलीत पर्यटकांसाठी काढलेल्या तीन खोल्या. त्यांचं बुकिंग, जेवणाचा हिशेब, पाहुण्यांना पाठवायचे फोटो, सगळं त्याच लॅपटॉपवर. तुम्ही रोज मालवणला कॉलेजला जाता. आणि एक दिवस सर वर्गात सांगून मोकळे होतात की या सेमिस्टरचं प्रॅक्टिकल लिनक्सवर आहे.

लॅपटॉपवर तर विंडोज! मित्राचा सल्ला तयार असतो, फॉरमॅट मार आणि लिनक्स टाक. बाबांचं म्हणणं त्याहून स्पष्ट, सीझन तोंडावर आलाय, लॅपटॉपला हात लावायचा नाही. नवीन मागायची तर सोयच नाही.

अशा वेळी एक तिसरा रस्ता असतो. विंडोज पुसायचं नाही. त्याच्या आतच, एका खिडकीत, अख्खा दुसरा कॉम्प्युटर उभा करायचा आणि त्यात लिनक्स चालवायचं. याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन. व्हर्च्युअलबॉक्ससारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि एका संध्याकाळी हे काम होतं.

ते कसं, हे पुढे सांगतोच. पण आधी त्या माणसाची गोष्ट ऐका, ज्याने एक यंत्र दुसऱ्या यंत्रासारखं वागू शकतं हे सगळ्यात आधी कागदावर मांडून सिद्ध केलं. तेव्हा तो 23 वर्षांचा होता. आणि आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो ती वस्तू जगात अजून आलीच नव्हती.

त्याचं नाव ॲलन ट्युरिंग.

जन्म लंडनमध्ये, 23 जून 1912 रोजी. पण घराण्याचं दाणापाणी भारतातलं. वडील ज्युलियस ट्युरिंग इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये, नेमणूक मद्रास इलाख्यात. आजच्या ओडिशातलं छत्रपूर हे त्यांच्या नोकरीचं एक ठिकाण. आई एथेल हिचा जन्म तर दक्षिणेतल्या पोदनूरचा, तिचे वडील मद्रासच्या रेल्वेत इंजिनीअर. आईवडील नोकरीपायी इकडे आणि ॲलन व त्याचा थोरला भाऊ जॉन इंग्लंडमध्ये एका ओळखीच्या कुटुंबाकडे ठेवलेले. बाप मुंबईत, पोरं गावी, हे कोकणातल्या कितीतरी घरांनी पाहिलंय. ॲलनचं बालपण साधारण तसंच गेलं, फक्त मध्ये समुद्र मोठा होता.

पोरगा हट्टी. 1926 मध्ये शेरबोर्नच्या बोर्डिंग शाळेत जायचं, तर नेमका देशभर संप. रेल्वे बंद. ॲलन 13 वर्षांचा. त्याने सायकल काढली आणि साउदम्प्टनपासून शाळेपर्यंत सुमारे 97 किलोमीटर एकट्याने मारले. मध्ये एक रात्र खानावळीत मुक्काम. हे साधारण तारकर्लीहून निघून सायकलने गोव्यात पणजीच्या आसपास पोचण्यासारखं आहे.

शाळेत त्याला एक जिवाचा मित्र मिळाला, ख्रिस्तोफर मॉरकॉम. गणित, विज्ञान, आकाशातले तारे, दोघांच्या गप्पा याच. ॲलनचं त्याच्यावर प्रेम होतं. फेब्रुवारी 1930 मध्ये ख्रिस्तोफर क्षयाने गेला. ॲलन तेव्हा 17 वर्षांचा. आपण दोघांनी मिळून जे करायचं ठरवलं ते आता एकट्याने पुरं करायचं, या भावनेने तो कामाला लागला. माणसाचं मन शरीराशी नेमकं कसं जोडलेलं असतं, हा प्रश्नही त्याला तेव्हापासून सोडेना.

1931 मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला. 22 व्या वर्षी तिथेच फेलो झाला. त्या काळात गणितवाल्यांना एका प्रश्नाने पछाडलं होतं. जर्मनीचे हिल्बर्ट यांनी विचारलेला. गणितातलं कुठलंही विधान घ्या, ते सिद्ध होणारं आहे की नाही हे ठरवून देणारी एक ठराविक, यांत्रिक पद्धत असू शकेल का?

बाकीचे सूत्रांच्या मागे लागले. ॲलनने साधा प्रश्न विचारला, यांत्रिक पद्धत म्हणजे तरी काय? त्याला पळायची सवय होती. लांब पळून आल्यावर ग्रँचेस्टरच्या कुरणात आडवं पडल्या पडल्या त्याला उत्तराची दिशा सापडली. त्याने एक काल्पनिक यंत्र रचलं. चौकोन आखलेली लांबच लांब कागदी पट्टी. एका वेळी एक चौकोन वाचणारं डोकं. आणि नियमांचा तक्ता: हे चिन्ह दिसलं तर हे लिही, इकडे सरक, पुढचा नियम हा. बस्स.

इथपर्यंत प्रत्येक कामाला वेगळं यंत्र लागणार. बेरजेला एक, गुणाकाराला दुसरं. मग त्याने पुढची उडी मारली, आणि तीच तुमच्या लॅपटॉपच्या कामाची आहे.

असं समजा, एका घरात स्वयंपाकी ठेवलाय. एक बाई फक्त सोलकढी करते, दुसरी फक्त घावणे, तिसरी फक्त मोदक. तीन पदार्थ, तीन माणसं. आता चौथी बाई अशी आली की तिला स्वतःला एकही पदार्थ येत नाही, पण कुठलीही वही समोर ठेवा, त्यात लिहिलंय तसं ती तंतोतंत करते. सोलकढीची वही दिली की सोलकढी, मोदकाची दिली की मोदक. मग पहिल्या तिघींची गरज उरली का? फक्त त्यांच्या वह्या हव्यात.

ट्युरिंगने दाखवलं की यंत्राचंही असं करता येतं. कुठल्याही यंत्राच्या नियमांचा तक्ता चिन्हांमध्ये लिहून काढता येतो, आणि ती चिन्हं त्याच पट्टीवर ठेवता येतात. मग एक असं यंत्र शक्य आहे जे ते वर्णन वाचेल आणि त्या दुसऱ्या यंत्रासारखंच वागेल. त्याला नाव पडलं वैश्विक यंत्र. यंत्र आणि त्याची माहिती यांच्यातली भिंतच त्याने पाडली. एक यंत्र दुसऱ्या यंत्राचं खाद्य झालं.

आणि हिल्बर्टच्या प्रश्नाचं उत्तर? नाही. अशी पद्धत नाही. काही प्रश्न असे आहेत की त्यांची वही कधीच लिहिता येणार नाही, हेही त्याने याच यंत्राच्या मदतीने सिद्ध केलं. अमेरिकेत अलोन्झो चर्च वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला त्याच सुमारास पोचले होते. 1936 च्या त्या निबंधानंतर ट्युरिंग चर्च यांच्याकडेच प्रिन्स्टनला गेला आणि 1938 मध्ये डॉक्टरेट घेऊन परतला.

मग युद्ध आलं. 4 सप्टेंबर 1939 ला तो ब्लेचली पार्कला हजर झाला. जर्मनांचे संदेश एनिग्मा नावाच्या यंत्रातून गुप्त लिपीत जायचे. पोलंडच्या गणितज्ञांनी ती लिपी आधीच फोडून दाखवली होती आणि आपलं काम ब्रिटिशांच्या हवाली केलं होतं. त्यावर पुढे जात ट्युरिंगने बॉम्ब नावाच्या यंत्राची रचना केली. पहिलं यंत्र मार्च 1940 मध्ये बसलं. जर्मन पाणबुड्यांचे संदेश फोडणाऱ्या गटाचा तो प्रमुख होता. परागकणांचा त्रास होतो म्हणून गॅसमास्क घालून सायकल चालवणारा, आपला चहाचा मग साखळीने रेडिएटरला बांधून ठेवणारा हा विक्षिप्त माणूस रोज काय करतो, ते बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. युद्ध संपल्यावरही सांगायची परवानगी नव्हती. 1970 च्या दशकापर्यंत हे काम गुप्तच राहिलं.

युद्धानंतर त्याला कागदावरचं यंत्र खरं करायचं होतं. त्या वेळी अमेरिकेतल्या एनिॲकला नवं काम द्यायचं तर तारा आणि स्विच बदलत बसावं लागे. ट्युरिंगने नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीसाठी एस नावाच्या कॉम्प्युटरचा आराखडा दिला. त्यात विचार जुनाच होता: यंत्र तेच ठेवा, वही बदला. लॅबमधल्या दिरंगाईला कंटाळून तो 1948 मध्ये मँचेस्टरला गेला. मनःस्ताप झाला की पळायचा. 1947 मध्ये त्याने मॅरेथॉन 2 तास 46 मिनिटांत मारली होती!

वही बदला, काम बदला, हा विचार लवकरच आपल्याकडेही पोचला. 1960 मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा इथेच बांधलेला कॉम्प्युटर सुरू झाला.

पण ते पाहायला ट्युरिंग नव्हता.

जानेवारी 1952 मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. त्याने स्वतः पोलिसांत तक्रार केली. चौकशीत चोरीशी संबंध निघाला तो त्याच्या मित्राच्या ओळखीतल्या माणसाचा. या मित्राशी आपले संबंध आहेत, हे ट्युरिंगने लपवलं नाही. इंग्लंडमध्ये पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं 1885 च्या कायद्याने गुन्हा होता. चोर राहिला बाजूला, खटला ट्युरिंगवर भरला गेला. तुरुंग, नाहीतर वर्षभर हार्मोनचे उपचार, असा पर्याय होता. त्याने उपचार घेतले. शरीर बदललं. सरकारी गुप्त कामाचे दरवाजे बंद झाले. ज्याने देशासाठी इतकं केलं त्याने काय केलं होतं, हे कोर्टात उघड बोलण्याची सोय नव्हती.

या सगळ्यातही तो काम करतच होता. प्राण्यांच्या अंगावर पट्टे आणि ठिपके कसे उमटतात, यावरचा त्याचा निबंध 1952 चाच. 7 जून 1954 ला सायनाइडच्या विषबाधेने तो गेला. वय 41. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. आईला मात्र कायम वाटत राहिलं की प्रयोग करताना अपघात झाला असावा. 2009 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी माफी मागितली, 2013 मध्ये राणीने माफीनामा दिला, 2021 मध्ये 50 पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आला. आपल्याकडे कलम 377 मधला हा भाग सुप्रीम कोर्टाने रद्द केला तो 6 सप्टेंबर 2018 ला. म्हणजे तुम्ही शाळेत होतात तेव्हा.

तुमच्याही वर्गात कुणीतरी असं असेल, जे जपून बोलतं, जपून वागतं. कॅन्टीनमध्ये त्याच्यावर विनोद होतो तेव्हा आपण हसतो का, एवढं एकदा तपासून बघा.

आता लॅपटॉपकडे.

ट्युरिंगने व्हर्च्युअल मशीन बनवलं, असं म्हणणं चूक होईल. ते आयबीएमच्या लोकांनी 1960 च्या दशकात मोठ्या कॉम्प्युटरवर केलं. घरगुती कॉम्प्युटरवर ते 1999 च्या सुमारास आलं. व्हर्च्युअलबॉक्स आला 2007 मध्ये. मोबाइलवर जुन्या कन्सोलचे गेम ज्याने खेळता तो एम्युलेटर ट्युरिंगच्या कल्पनेच्या जास्त जवळचा. तो वेगळ्या जातीच्या यंत्राच्या सूचना एकेक वाचून पार पाडतो, म्हणून जरा हळू. व्हर्च्युअल मशीनमध्ये पाहुण्याच्या बहुतेक सूचना थेट तुमच्याच प्रोसेसरवर चालतात, म्हणून वेग बरा. पण एक यंत्र दुसरं होऊ शकतं, हा पाया त्याचाच.

पाहुणा हा शब्द मी उगाच वापरला नाही. या तंत्रात मूळ सिस्टीमला यजमान आणि आतल्या सिस्टीमला पाहुणा म्हणतात. तारकर्लीकरांना वेगळं काय सांगायचं! खोली दिली, पंखा दिला, न्याहारी दिली. पाहुणा आपल्या खोलीत आपल्या पद्धतीने राहतो, पण तुमच्या माजघरात शिरत नाही. लिनक्सला हार्डडिस्क म्हणून जी दिसते ती खरं तर विंडोजमधली एक मोठी फाइल असते. लिनक्स त्यात काहीही लिहो, पुसो, बाबांच्या बुकिंगच्या फायली शाबूत. फक्त दोघांमध्ये शेअर्ड फोल्डर उघडलात तर तेवढं दार उघडं आहे, हे लक्षात ठेवा.

करायचं एवढंच. आधी बायॉसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय चालू आहे का बघा. तो बंद असला की गाडी इथेच अडते. व्हर्च्युअलबॉक्स टाका, लिनक्सची आयएसओ फाइल उतरवून घ्या. मराठीतून काम करायचं असेल तर सी-डॅकची बॉस लिनक्स आहे. लॅपटॉपला 8 जीबी रॅम असेल तर पाहुण्याला 3 किंवा 4 द्या, सगळी दिलीत तर यजमानच उपाशी. डिस्कला 25 जीबी पुरे. रॅम 4 जीबीच असेल तर हलकं लिनक्स निवडा आणि ब्राउझर बंद ठेवा. लिनक्स फुकट आहे. पण उद्या लिनक्समध्ये विंडोज पाहुणं आणायचं ठरवलंत, तर त्याचं लायसन्स वेगळं लागतं.

सगळं बसलं की पहिलं काम, स्नॅपशॉट काढा. म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवली जाते. नंतर कमांड चुकली, सिस्टीम बसली, तरी एका क्लिकवर मागे येता. मग मनसोक्त प्रयोग करा. मोडा, परत आणा, पुन्हा मोडा. ट्युरिंगला ही सोय मिळाली नाही, ना यंत्रात, ना आयुष्यात. तुम्हाला यंत्रात तरी मिळाली आहे.

फक्त बाबांचं बुकिंगचं काम आटोपल्यावर बसा. आणि चार्जर लावून ठेवा, पावसात तारकर्लीची लाइट कधी जाईल याचा नेम नाही.