शंभरातले तीन रुपये

एमपीएससी करणाऱ्या आपल्या मित्रांना ‘गाडगीळ फॉर्म्युला’ पाठ असतो. राज्यांना योजनेचा पैसा कसा वाटायचा, हे 1969 साली त्याने ठरलं. पण हे गाडगीळ आपल्या नाशिकात जन्मले, हे सांगितलं की बरेच जण चमकतात.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म 10 एप्रिल 1901 चा. शाळा नागपुरात, पुढे केंब्रिज. नंतर सुरतला प्राचार्य आणि 1930 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेचे पहिले संचालक. इतका शिकलेला माणूस वाई तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा जमाखर्च मांडत बसला, हे मला त्यांच्या डिग्र्यांपेक्षा मोठं वाटतं.

1951 मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. 75 जिल्हे, 600 गावं. समितीत गाडगीळ होते. 1954 च्या अहवालातला आकडा वाचून मी हबकलोच. शेतकऱ्याच्या दर शंभर रुपये कर्जात सहकारी सोसायट्यांचे जेमतेम तीन, सावकारांचे सत्तरच्या आसपास! शिवाय ग्रामीण कुटुंबांचं जवळपास निम्मं कर्ज घरखर्चासाठी. सहकाराचा कायदा 1904 चा, आणि पन्नास वर्षांनी ही अवस्था. दुसऱ्या कुणी सहकाराला रामराम ठोकला असता. समितीने उलट सांगितलं: सहकार फसला आहे, पण त्याच्याशिवाय इलाज नाही. सरकारने भांडवल घालावं, कर्ज जमिनीकडे न बघता येणाऱ्या पिकावर द्यावं आणि पीक विकतानाच वसूल करावं. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्किट पूर्ण हवं, पैसा पिकात जाईल आणि पिकातूनच परत येईल.

हे नुसतं कागदावर नव्हतं. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी जमवून सहकारी साखर कारखाना काढला, त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच. 1950 च्या अखेरीस तो सुरू झाला. 1967 पासून ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. 3 मे 1971 ला ते गेले.

एक गोष्ट मात्र राहून गेली, असं मला वाटतं. सोसायटीत सातबारा लागतोच, आणि तो बहुधा बापाच्या नाहीतर आजोबांच्या नावावर. मजूर आणि बायका बाहेरच. 1992 मध्ये नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला घेतले, तेव्हा त्यांना दार उघडलं. माझं हॉस्टेलचं डिपॉझिट आईच्या गटातूनच आलं. सातबारा कुणी मागितला नाही, गटातल्या बायकांनी होकार दिला एवढंच.

पण सर्किटचं काय? शेळीसाठी काढलेलं कर्ज शेळी फेडते. माझं डिपॉझिट चार वर्षं काहीच कमावून देणार नाही. त्याचा हप्ता आई दर महिन्याच्या बैठकीत भरते, तो द्राक्षबागेतल्या मजुरीतून. गाडगिळांच्या पाहणीत ते कर्ज बहुतेक घरखर्चाच्या त्या निम्म्यातच मोजलं गेलं असतं.