व्हॅल ल्यूटन

व्हॅल ल्यूटन (जन्मनाव व्लादिमिर लेव्हेंटन, ७ मे १९०४, याल्टा, रशियन साम्राज्य – १४ मार्च १९५१, लॉस एंजेलस, अमेरिका) हे अमेरिकन चित्रपट निर्माते, पटकथाकार आणि कादंबरीकार होते. १९४२ ते १९४६ या काळात हॉलिवूडमधील आर.के.ओ. या चित्रसंस्थेसाठी त्यांनी नऊ अल्पखर्ची भयपटांची निर्मिती केली. भयंकर प्राणी किंवा रक्तपात पडद्यावर न दाखवता अंधार, ध्वनी आणि संकलन यांच्या साहाय्याने भीती निर्माण करणे हे या चित्रपटांचे वैशिष्ट्य होते. मार्क रॉबसन आणि रॉबर्ट वाइज हे दोन संकलक ल्यूटन यांच्या हाताखालीच दिग्दर्शक झाले. त्यामुळे हा छोटा विभाग नवोदितांसाठी एक प्रशिक्षणशाळाच ठरला.

पूर्वायुष्य

ल्यूटन यांचा जन्म क्रिमियातील याल्टा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांच्या आईने पतीपासून विभक्त होऊन काही काळ बर्लिनमध्ये वास्तव्य केले आणि १९०९ मध्ये त्या मुलांसह अमेरिकेत स्थलांतरित झाल्या. रंगभूमी व मूकपटांतील प्रसिद्ध अभिनेत्री अल्ला नाझिमोवा या ल्यूटन यांच्या मावशी होत. कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेचा अभ्यास केल्यानंतर ल्यूटन लेखनाकडे वळले. १९३२ मध्ये त्यांची ‘नो बेड ऑफ हर ओन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमध्ये एम.जी.एम. या चित्रसंस्थेच्या प्रसिद्धी विभागातही त्यांनी काम केले.

पुढे ते निर्माते डेव्हिड ओ. सेल्झनिक यांचे कथा-संपादक झाले. ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ (१९३५) या चित्रपटातील फ्रेंच राज्यक्रांतीच्या दृश्यांवर त्यांनी जॅक टर्नर यांच्यासमवेत काम केले. ही ओळख पुढे दोघांच्याही कारकिर्दीला वळण देणारी ठरली.

आर.के.ओ.मधील भयपट विभाग

१९४२ मध्ये आर.के.ओ. ही संस्था आर्थिक अडचणीत होती. ऑर्सन वेल्स यांच्या खर्चिक चित्रपटांतून अपेक्षित उत्पन्न न मिळाल्याने नवे निर्मितीप्रमुख चार्ल्स कर्नर यांनी स्वस्त आणि हमखास चालणाऱ्या चित्रपटांचे धोरण स्वीकारले. भयपटांचा विभाग ल्यूटन यांच्याकडे सोपवण्यात आला. त्यासाठी तीन अटी होत्या: प्रत्येक चित्रपटाचा खर्च दीड लाख डॉलरच्या आत असावा, लांबी ७५ मिनिटांपेक्षा कमी असावी आणि शीर्षक संस्था ठरवील ते स्वीकारावे.

शीर्षके भडक असली तरी त्यांखालील कथा कशी असावी याचे स्वातंत्र्य ल्यूटन यांना होते. पटकथांचा अंतिम मसुदा ते बहुधा स्वतःच लिहीत. मात्र श्रेयनामावलीत लेखक म्हणून क्वचितच आणि तेही कार्लोस कीथ या टोपणनावाने झळकत. नेपथ्याचा खर्च वाचवण्यासाठी संस्थेच्या आधीच्या चित्रपटांतील उभारणी पुन्हा वापरली जाई. वेल्स यांच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’मधील जिना ‘कॅट पीपल’मध्ये दिसतो, तर ‘द घोस्ट शिप’ हा चित्रपट ‘पॅसिफिक लायनर’साठी उभारलेल्या जहाजावर चित्रित झाला.

अंधार, ध्वनी आणि संकलन

पहिला भयपट ‘कॅट पीपल’ (१९४२) टर्नर यांनी दिग्दर्शित केला. त्याचे छायालेखन निकोलस मुसुराका यांनी, तर संकलन रॉबसन यांनी केले. भावनेच्या आवेगात आपले रूपांतर हिंस्र श्वापदात होईल या भीतीने ग्रासलेल्या स्त्रीची ही कथा आहे. त्यातील एका दृश्यात रात्रीच्या वेळी उद्यानाच्या भिंतीलगत एक स्त्री एकटी चालत असते आणि दुसरी तिचा पाठलाग करते. दिव्याखालचा उजेड आणि दोन दिव्यांमधला अंधार यांतून दोघींची पावले आलटून पालटून दिसतात व ऐकू येतात. मग पाठलाग करणाऱ्या पावलांचा आवाज अकस्मात थांबतो. प्रेक्षक झडप पडण्याची वाट पाहत असतानाच श्वापदाच्या फिस्कारण्यासारखा आवाज येतो आणि चौकटीत एक बस येऊन थांबते. निरुपद्रवी गोष्टीने अचानक दचकवण्याच्या या युक्तीला पुढे ‘ल्यूटन बस’ असे नाव पडले.

संस्थेच्या अधिकाऱ्यांना मात्र श्वापद पडद्यावर हवे होते. त्यांच्या आग्रहाखातर ते दाखवताना दृश्याची प्रकाशयोजना इतकी मंद ठेवण्यात आली की संदिग्धता कायम राहिली. चित्रपटाला मोठे व्यावसायिक यश मिळाले.

‘आय वॉक्ड विथ अ झोंबी’ (१९४३) मध्ये उसाच्या शेतातून होणारा रात्रीचा प्रवास संवादांशिवाय, केवळ वारा आणि ढोलांच्या आवाजावर उभा आहे. ‘द लेपर्ड मॅन’ (१९४३) मध्ये रात्री पीठ आणायला पाठवलेली मुलगी घराच्या बंद दाराबाहेर मारली जाते. त्या क्षणी कॅमेरा घरातच असतो. किंकाळ्या ऐकू येतात आणि दाराखालून रक्ताचा ओघळ आत येतो.

संकलकांचे दिग्दर्शक

या यशानंतर संस्थेने टर्नर यांना मोठ्या खर्चाच्या चित्रपटांकडे वळवले. ल्यूटन यांनाही तशा चित्रपटाच्या निर्मितीचा प्रस्ताव मिळाला होता. तथापि दिग्दर्शन रॉबसन यांनीच करावे असा त्यांचा आग्रह होता आणि अननुभवी दिग्दर्शक संस्थेला मान्य नव्हता. ल्यूटन यांनी बढती सोडली व ‘द सेव्हन्थ व्हिक्टिम’ (१९४३) हा रॉबसन यांचा पहिला चित्रपट अल्पखर्ची विभागातच तयार झाला.

‘द कर्स ऑफ द कॅट पीपल’ (१९४४) चे चित्रीकरण रेंगाळले, तेव्हा दिग्दर्शक गुंथर फॉन फ्रिट्श यांच्या जागी संकलक रॉबर्ट वाइज यांची नेमणूक झाली. वाइज यांनी पूर्वी ‘सिटिझन केन’चे संकलन केले होते. ल्यूटन यांच्यासाठीच दिग्दर्शित केलेल्या ‘द बॉडी स्नॅचर’ (१९४५) मध्ये त्यांनी एका हत्येचे दृश्य जवळजवळ न तोडता ठेवले: गाणारी मुलगी अंधाऱ्या कमानीत नाहीशी होते, तिच्यामागून घोडागाडी जाते आणि गाणे मध्येच तुटते. कोठे कापू नये याची जाण संकलकाला दिग्दर्शनात किती उपयोगी पडते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

उत्तरायुष्य व मृत्यू

‘बेडलम’ (१९४६) हा ल्यूटन यांचा शेवटचा भयपट. त्याच वर्षी कर्नर यांचे निधन झाले आणि ल्यूटन आर.के.ओ.मधून बाहेर पडले. त्यानंतर अन्य संस्थांसाठी त्यांनी केवळ तीन चित्रपटांची निर्मिती केली. वाइज व रॉबसन यांच्यासमवेत स्वतंत्र निर्मितीसंस्था काढण्याची योजनाही आखली गेली होती. परंतु ल्यूटन यांना तीतून वगळण्यात आले. १४ मार्च १९५१ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

प्रभाव

वाइज यांना पुढे ‘वेस्ट साइड स्टोरी’ आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या चित्रपटांसाठी दिग्दर्शनाचे ऑस्कर पुरस्कार मिळाले. न दिसणाऱ्या भयावर आधारलेल्या त्यांच्या ‘द हाँटिंग’ (१९६३) या भयपटावर ल्यूटन यांचा ठसा स्पष्ट आहे. रॉबसन यांना ‘पेटन प्लेस’ (१९५७) साठी ऑस्कर नामांकन मिळाले. २००७ मध्ये मार्टिन स्कोर्सेसी यांच्या निवेदनासह ल्यूटन यांच्यावरील माहितीपट प्रदर्शित झाला.

अपुऱ्या साधनांत भयपट करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ल्यूटन यांचे चित्रपट विशेष उपयुक्त आहेत. त्यांतील परिणाम यंत्रसामग्रीवर नव्हे, तर तीन निर्णयांवर अवलंबून असतो: चौकटीबाहेर काय ठेवायचे, आवाज केव्हा थांबवायचा आणि दृश्य कोठे तोडायचे. भयपटात यांपैकी एकही निर्णय चुकला तर प्रेक्षक घाबरत नाही. त्यामुळे चूक लगेच लक्षात येते आणि ती दुरुस्त करताना कॅमेरा व संकलन या दोन्हींचा सराव होतो.

भयपटांची सूची

कॅट पीपल (१९४२) – दिग्दर्शक जॅक टर्नर
आय वॉक्ड विथ अ झोंबी (१९४३) – जॅक टर्नर
द लेपर्ड मॅन (१९४३) – जॅक टर्नर
द सेव्हन्थ व्हिक्टिम (१९४३) – मार्क रॉबसन
द घोस्ट शिप (१९४३) – मार्क रॉबसन
द कर्स ऑफ द कॅट पीपल (१९४४) – गुंथर फॉन फ्रिट्श व रॉबर्ट वाइज
द बॉडी स्नॅचर (१९४५) – रॉबर्ट वाइज
आइल ऑफ द डेड (१९४५) – मार्क रॉबसन
बेडलम (१९४६) – मार्क रॉबसन