डॉ. ल्युसी विल्स : मुंबईच्या मातांसाठी झटलेली डॉक्टर

रसायनशास्त्र हा आपल्या कला शाखेचा विषय नव्हे. परंतु फॉलिक आम्लाचा शोध आपल्या मुंबईत सुरू झाला व तो एका परदेशी स्त्रीने सुरू केला, हे आपणांस ठाऊक असावयास हवे.

डॉ. ल्युसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकून पुढे त्या लंडनला डॉक्टर झाल्या. १९२८ साली त्या मुंबईस आल्या. त्या काळी गिरणी कामगारांच्या घरांतील अनेक गरोदर स्त्रिया तीव्र रक्तक्षयाने दगावत. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या असत. डॉ. विल्स यांनी या स्त्रियांचा आहार तपासला. तसाच निकस आहार माकडांना देऊन पाहिला, तेव्हा त्यांनाही रक्तक्षय जडला. यीस्टच्या स्वस्त अर्काने माकडे बरी झाली आणि स्त्रियाही! हे निष्कर्ष त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. अर्कातील त्या अज्ञात द्रव्यास ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

१९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून फॉलिक आम्ल वेगळे काढण्यात आले. १९४५ साली तेथील लेडर्ले प्रयोगशाळेत, आपल्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली, ते कृत्रिम रीतीने तयार झाले. याच्या रेणूत दोन षट्कोनी कडी एकमेकांस जोडलेली असून त्यांत कार्बनबरोबर नायट्रोजनचे चार अणू बसलेले असतात. या जोडकड्यास टेरिडीन म्हणतात. त्याला पुढे पॅरा-अमिनोबेन्झॉइक व ग्लुटामिक ही आम्ले जोडलेली असतात. याचे स्फटिक पिवळे असतात. उजेडाने व फार शिजवल्याने ते नष्ट होते. नव्या पेशी घडण्यास ते लागतेच. म्हणून गरोदरपणी त्याची गरज वाढते.

डॉ. विल्स १६ एप्रिल १९६४ रोजी निवर्तल्या.

आमच्या शिरूर-दौंड भागात आजही कित्येक घरी सर्वांना वाढून उरेल तेच बाईच्या वाट्याला येते. माझ्या वहिनीला दिवस गेले तेव्हा आशाताईंनी दिलेल्या लोह व फॉलिक आम्लाच्या लाल गोळ्या कोनाड्यात तशाच पडून होत्या. गोळ्यांनी बाळ फार वाढते व बाळंतपण अडते, अशी घरात समजूत! आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. ही हकिकत मी आई व वहिनीला चुलीपुढे बसून सांगितली आणि गोळ्या सुरू झाल्या.

सातासमुद्रांपलीकडून आलेल्या या विदुषीने आपल्या आयाबहिणींच्या ताटात डोकावून पाहिले. तेवढे आपण आपापल्या घरी केले, तरी त्यांचे ऋण थोडेफार फिटेल.

— द्वितीय वर्ष, कला