पंडिता रमाबाई आणि मुलांच्या हातातील पुस्तक

मुंबईहून निघालेला आणि कलकत्त्याहून आलेला असे दोन लोहमार्ग १८७० साली जबलपुरास एकमेकांना मिळाले. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात या मार्गाच्या दोन्ही टोकांना मोठे स्थान आहे. कलकत्त्यास विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तर मुंबईस त्यांनी शारदा सदन उघडले. परंतु त्यांच्या सेवेला निर्णायक वळण मिळाले ते या दोहोंच्या मधल्या मुलखात. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळाने जबलपूरसह सारा मध्य प्रांत होरपळून निघाला आणि तेथील निराधार मुलींच्या शोधात रमाबाई घराबाहेर पडल्या.

समाजसुधारक, अनाथांची माता, पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, या प्रश्नाशी त्यांनी जन्मभर केलेला विचार मात्र क्वचितच सांगितला जातो. शाळेच्या किंवा मंडळीच्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडणाऱ्यांनी तो अवश्य जाणून घ्यावा.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले होते. पुढे लक्ष्मीबाईंनी तीच विद्या भल्या पहाटे आपल्या लेकीला दिली. कुटुंब तीर्थयात्रा करीत देशभर पायी हिंडे आणि ठिकठिकाणी पुराणे सांगे. लहानग्या रमेला भागवतासारख्या ग्रंथांतील हजारो श्लोक मुखोद्गत होते. या भ्रमंतीत मराठीखेरीज कानडी, हिंदुस्थानी आणि बंगाली याही भाषा तिच्या कानी व जिभेवर आल्या. तथापि पुराण ऐकावयास जमणाऱ्या बहुतेकांना त्या संस्कृत शब्दांचा अर्थ उमगत नसे. ते ऐकत, दक्षिणा देत आणि पुण्य जोडल्याच्या समाधानाने घरी परतत. शब्द कानावर पडणे निराळे आणि ते अंतःकरणात उतरणे निराळे, हा भेद रमाबाईंनी बालपणीच पाहिला.

दुष्काळाच्या दिवसांत उपासमारीने आईवडील आणि थोरली बहीण दगावली. भाऊ श्रीनिवास याच्यासह रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. दोन वर्षांत तोही गेला. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि पुढच्याच वर्षी पतीचे निधन झाले. मग त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे आपले पहिले मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. तेथील बालशाळांनी त्यांचे लक्ष वेधून घेतले. फ्रबेलच्या किंडरगार्टन पद्धतीत मुले वस्तू हाताळीत, चित्रे पाहत, गाणी म्हणत आणि खेळता खेळता शिकत. छडी आणि घोकंपट्टी यांना तेथे थारा नव्हता. हजारो श्लोक पाठ असलेली ही विदुषी त्या पद्धतीचे शिक्षण घेण्यासाठी विद्यार्थिनी होऊन बसली. इकडच्या मुलींसाठी मराठी वाचनमाला तयार करण्याचे कामही त्यांनी तेथेच हाती घेतले आणि त्या पुस्तकांत चित्रे असावीत असा आग्रह धरला. चित्र म्हणजे पानाची नुसती शोभा, असे त्यांनी मानले नाही. अक्षरओळख नसलेल्या मुलीला पुस्तकात शिरण्याची ती पहिली वाट होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. तेथे बालविधवांना शिक्षणाबरोबर आपापल्या धर्माप्रमाणे वागण्याची व वाचण्याची मोकळीक होती. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये शहरात वादळ उठले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंनी प्रार्थनेची खोली बंद केली नाही, तसेच कोणावर बसण्याची सक्तीही केली नाही.

अशा वेळी मध्य प्रांतातील दुष्काळाच्या वार्ता येऊ लागल्या. स्वतः उपासमार भोगलेल्या रमाबाईंना स्वस्थ बसवेना. त्या तेथे गेल्या, तेथील अन्नछत्रे आणि अनाथांचे तळ त्यांनी पाहिले. हाडांचे सापळे झालेल्या आणि दुष्टांच्या तावडीत सापडण्याच्या बेतात असलेल्या मुलींना त्यांनी सोबत आणले. पुण्यात प्लेगची साथ असल्यामुळे या मुलींना शहरात ठेवता येईना. म्हणून केडगाव येथील शेतजमिनीवर राहुट्या ठोकण्यात आल्या आणि त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

येथे पुस्तकाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. शारदा सदनातील मुली बहुधा सुशिक्षित घराण्यांतील होत्या. नव्याने आलेल्या मुलींपैकी बहुतेकींनी पुस्तक कधी हाती धरले नव्हते, आणि मध्य प्रांतातील अनेकींची बोली हिंदी होती. रमाबाईंनी त्यांची शाळा भरविली. सदनातील शिकलेल्या मुली नव्या मुलींच्या शिक्षिका झाल्या. मुक्तीत छापखाना आला तेव्हा मुलीच खिळे जुळवू लागल्या, कागद छापू लागल्या आणि पुस्तके बांधू लागल्या. काल ज्यांना अक्षर ठाऊक नव्हते, त्यांच्या हातून आज पुस्तक तयार होत होते. मनोरमाबाईंच्या पुढाकाराने अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाऊ लागली. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांच्यासाठी अक्षरच बोटांखाली आणले गेले.

उतारवयात रमाबाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द आपल्या मुलींना आणि खेड्यातील साध्या स्त्रियांना समजत नाहीत, हे त्यांनी रोज पाहिले होते. संस्कृतात ज्यांची बरोबरी करणारी स्त्री देशात विरळा, त्यांनीच तो भारदस्त साज जाणूनबुजून उतरवून ठेवला. त्यांची भाषा काही ठिकाणी रुक्ष वाटते, हे मान्य केले पाहिजे. मंडळ्यांत बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले, हेही खरे. परंतु नुकतेच वाचावयास शिकलेल्या मुलीला दुसऱ्याच्या मध्यस्थीवाचून स्वतः शास्त्र वाचता यावे, हा त्यामागील हेतू होता. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या. ते दुःख गिळून रमाबाई अखेरच्या दिवसांतही मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये विसावल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? जबलपूर, इंदूर, बडोदे, दिल्ली येथील मराठी ख्रिस्ती घरांतील अनेक मुले आज हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात. हिंदी मुलखातून आलेल्या मुलींना रमाबाईंनी मराठी पुस्तकापर्यंत आणले. आपली मुले मात्र हिंदी मुलखात राहून मराठी पुस्तकापासून दूर चालली आहेत. अशा मुलाच्या हाती जड भाषेचा बोधपर ग्रंथ दिला, तर तो आदराने कपाटात ठेवला जाईल आणि तेथेच राहील.

म्हणून शब्बाथ शाळेच्या किंवा वर्गाच्या कपाटासाठी पुस्तक निवडताना काही गोष्टी पाहाव्यात. त्यातील वाक्ये मुलाला मोठ्यांच्या मदतीवाचून कळतात काय? चित्रे कथा पुढे नेतात काय? वाचून झाल्यावर मूल ती गोष्ट आपल्या शब्दांत दुसऱ्याला सांगू शकते काय? चित्रकथा हातात दिसली की आपण कपाळाला आठ्या घालतो. चांगली चित्रकथा ही रमाबाईंनी ओळखलेलीच वाट आहे, हे तेव्हा आठवावे. वरच्या वर्गांसाठी रमाबाईंचे १८८९ मधील अमेरिकेचे प्रवासवर्णन ठेवावे. शिक्षकाने त्यातील एखादे प्रकरण वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे आणि मग पुस्तक मुलांच्या स्वाधीन करावे.

आणि कपाटाला कुलूप असेल, तर ते काढावे. पाने मळतील, कोपरे दुमडतील, एखादे पुस्तक हरवेलही. ज्या मुलींनी कधी पुस्तक पाहिले नव्हते, त्यांच्या हाती रमाबाईंनी शास्त्राचे खिळे विश्वासाने सोपविले होते. आपल्या मुलांवर आपण निदान तेवढा विश्वास टाकावयास हवा.