भंडाऱ्याची पोटनिवडणूक

सडक अर्जुनीचा मुलूख तळ्यांचा व धानाचा. आज तो गोंदिया जिल्ह्यात आहे. १९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्यात मोडत असे. याच भंडाऱ्यातून १९५४ च्या उन्हाळ्यात डॉ. भीमराव रामजी आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले.

बाबासाहेबांचे वय तेव्हा ६३ वर्षांचे होते. मधुमेहाने व गुडघेदुखीने शरीर जर्जर झाले होते. १९५२ मध्ये मुंबईत त्यांचा १४,५६१ मतांनी पराभव झाला होता व पुढे ते राज्यसभेवर गेले होते. मग ही दगदग कशासाठी?

१९१३ साली ते ज्या अमेरिकेत शिकावयास गेले, तेथे वॉशिंग्टन यांस आरंभी प्रतिस्पर्धी असा नव्हताच. पुढे ॲडम्स व जेफरसन यांचे पक्ष समोरासमोर ठाकले आणि १८०१ मध्ये रक्त न सांडता सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली. भारतात मात्र काँग्रेस फारच बलाढ्य होती. सत्तेस जाब विचारणारा विरोधी पक्ष नसेल तर लोकशाही टिकत नाही, हे बाबासाहेबांनी डिसेंबर १९५२ मध्ये पुण्यात विस्ताराने मांडले होते. त्यांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष व १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापिले, त्यामागे हीच दृष्टी होती.

भंडाऱ्यात दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण व एक राखीव. प्रत्येक मतदारास दोन मते असत. ती दोन निरनिराळ्या उमेदवारांस द्यावयाची. दुसरे मत कोणासच न देता वाया घालविणे, यास मते कुजविणे म्हणत. तसे केल्यास सर्वसाधारण जागेचे उमेदवार मागे पडत आणि राखीव जागा हुकली तरी बाबासाहेबांस दुसऱ्या जागेची वाट मोकळी राही. हिशेब चुकीचा नव्हता. अनुयायांनी तसा आग्रह धरला. परंतु ज्यांनी घटना घडविली, त्यांना मताची अशी नासाडी मान्य होईना. त्यांनी नकार दिला, असे त्यांचे अनुयायी आजही सांगतात.

निकाल लागला. राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी ८,३८१ मतांनी जिंकली. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले.

बाबासाहेबांची ही अखेरची निवडणूक. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते निवर्तले. त्यांनी योजिलेला रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये नागपुरास स्थापन झाला, आणि दोन मतांची ती पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली.