जीर्णोद्धाराची खंत

कादंबरीकार म्हणून जगाला ठाऊक असलेला टॉमस हार्डी मुळात वास्तुरचनाकार होता. एक जुने चर्च आपल्या देखरेखीखाली पाडले गेले, ही बोच त्याच्या मनात उतारवयातही होती.

इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात २ जून १८४० रोजी एका गवंड्याच्या घरी त्याचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी तो डॉर्चेस्टरच्या जॉन हिक्स या वास्तुरचनाकाराकडे उमेदवारी करू लागला. व्हिक्टोरिया राणीच्या त्या काळात खेडोपाडीच्या मध्ययुगीन चर्चच्या जीर्णोद्धाराची लाटच आली होती. जीर्णोद्धार हे नाव. पुष्कळदा जुने पाडून त्या जागी नवे गॉथिक बांधकाम उभे राहत असे.

मार्च १८७० मध्ये कॉर्नवॉलमधील सेंट ज्युलियट येथील चर्चच्या पाहणीसाठी त्याला धाडण्यात आले. मनोऱ्याला तडे गेले होते, बाकांवरील कोरीवकाम कुजत होते, छपरात वटवाघळांचा वावर होता आणि घंटा खाली उतरवून जमिनीवर ठेवल्या होत्या. धर्मगुरूच्या घराचे दार उघडले ते त्याच्या मेहुणीने. ती एमा गिफर्ड. पुढे १८७४ मध्ये हार्डीने तिच्याशी विवाह केला.

चर्चचा मनोरा आणि उत्तरेकडचा भाग पाडण्यात आला. दक्षिणेकडचे जुने दालन तेवढे राखून त्यालाच मुख्य सभागृहाचे रूप दिले गेले आणि नवा मनोरा बांधला गेला. वेदीपुढची कोरीव लाकडी पडदी वाचवावी, अशी हार्डीची इच्छा होती. परंतु कंत्राटदाराने औदार्य दाखवून तिच्या जागी चकचकीत पॉलिशची नवी पडदी बसवली! एप्रिल १८७२ मध्ये चर्च पुन्हा खुले झाले. ही सारी पार्श्वभूमी ‘अ पेअर ऑफ ब्लू आइज’ (१८७३) या कादंबरीत उतरली; तिचा एक नायक चर्चच्या कामासाठी आलेला तरुण वास्तुरचनाकारच आहे.

लेखनात जम बसल्यावर हार्डीने तो व्यवसाय सोडला. विल्यम मॉरिसने स्थापन केलेल्या प्राचीन वास्तुरक्षण संस्थेचा तो १८८१ मध्ये सभासद झाला. तिच्यासाठी १९०६ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्याने जीर्णोद्धाराच्या नावाखाली झालेल्या नासधुशीची कबुली दिली, आणि त्यात स्वतःलाही वगळले नाही.

एमाचे १९१२ मध्ये निधन झाले. अखेरच्या वर्षांत उभयतांत दुरावा आला होता. तरीही मार्च १९१३ मध्ये हार्डी पुन्हा सेंट ज्युलियटला गेला आणि तिच्या स्मृतिफलकाचा आराखडा त्याने स्वतः काढला. तो फलक त्याच चर्चच्या भिंतीत बसवण्यात आला. ११ जानेवारी १९२८ रोजी हार्डी निवर्तला. त्याच्या अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवण्यात आल्या. हृदय मात्र डॉर्सेटमधील स्टिन्सफर्ड येथे एमाच्या कबरीत पुरले गेले.