सावित्रीबाईंनी पदरात घेतलेली मुले

सावित्रीबाई फुले यांना आपण ओळखतो ते शिक्षिका म्हणून. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. आयुष्याची तीसहून अधिक वर्षे त्यांनी ज्यांना कोणी वाली नाही अशा मुलांचे जीव वाचवण्यातही घातली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. लोकलाजेपायी विधवा गर्भ पाडण्याची औषधे घेत, तरीही मूल जन्मलेच तर त्याला मारून टाकत. अशा स्त्रियांनी येथे गुपचूप यावे, बाळंत व्हावे आणि मूल ठेवून जावे, अशी सोय होती. १८८४ पर्यंत पस्तीस स्त्रिया येथे बाळंत झाल्या. त्यांची पाचच मुले जगली. आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी मुलांना पोटातच इजा झाली, असे जोतीरावांनी नोंदवले आहे. आई गेल्यावर त्या बाळाचे दूध, औषध, दुखणेखुपणे सावित्रीबाईंकडेच असे.

१८७४ साली काशीबाई या विधवेला मुलगा झाला. फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले आणि यशवंत नाव ठेवले. प्रेमाने वाढवून ते थांबले नाहीत. नातलग उद्या त्याला नाकारतील हे ओळखून जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र केले आणि यशवंतला वारस नेमले. हा मुलगा पुढे डॉक्टर झाला.

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. तो उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा सिद्ध झाले नव्हते आणि प्रतिजैविके तर नव्हतीच. जोतीरावांच्या निधनाला सहा वर्षे झाली होती. यशवंतने हडपसरजवळ सासणे मळ्यात दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई तेथे रोगी आणू लागल्या. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच, छासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात आई-वडिलांच्या आधाराविना वाढणाऱ्या मुलांना नातलगांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात सांभाळण्याची जी सरकारी योजना आहे, तिला आज सावित्रीबाईंचेच नाव आहे: क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना. परभणी जिल्ह्यात ती महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत चालते. जिंतूर किंवा गंगाखेडच्या एखाद्या आजीला दरमहाच्या मदतीइतकाच दुसरा प्रश्न छळतो. नातवाचे अपेंडिक्स काढायचे असेल, तर संमतीपत्रावर सही कोणी करायची?

याचे उत्तर कायद्यात आहे, आणि ते जुने आहे. बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले त्याच्या आदल्याच वर्षी लागू झालेल्या दंड संहितेत ते होते. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये आहे. बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी, प्रामाणिक हेतूने केलेल्या उपचाराला पालक किंवा ज्याच्याकडे मुलाचा कायदेशीर ताबा आहे अशी व्यक्ती संमती देऊ शकते. जीव धोक्यात असेल आणि संमती देणारे कोणी वेळेत मिळत नसेल, तर कलम ३० नुसार डॉक्टर संमतीवाचूनही उपचार करू शकतात. मुलाच्या आरोग्याची जबाबदारी सांभाळ करणाऱ्या कुटुंबावर असते, असे २०१५ चा बाल न्याय कायदाही सांगतो.

अडचण येते ती कायदेशीर ताबा दाखवताना. मूल नुसते घरी राहते, एवढे रुग्णालयाला पुरत नाही. म्हणून बाल कल्याण समितीच्या आदेशाची प्रत, मुलाचा जन्मदाखला आणि लसीकरणाचे कार्ड एका पिशवीत तयार ठेवावे. आई किंवा वडील हयात असतील तर त्यांचा फोन नंबरही त्यातच असावा, म्हणजे त्यांना वेळेत विचारता येते. दुखणे आल्यावर कागद शोधत बसण्यात वेळ जातो. यशवंतची कागदपत्रे जोतीरावांनी वेळेत केली होती.